हातातले यंत्र आणि डोक्यातली पाऊणकी

गेल्या वर्षी नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या आणि त्यानंतरच्या वद्य द्वादशीला आमच्या दांडी गावात संध्याकाळीच वीज गेली. पाऊस फारसा नव्हता, पण वारा होता. बाबा समुद्रावर होते. आमच्या खाडीत पाणी चढल्याशिवाय होडी आत येत नाही, हे किनाऱ्यावरच्या मंडळींना सांगायला नको. आई म्हणाली, "अगं, भरती किती वाजता आहे ते बघ जरा." मी मोबाईल काढला. त्यात भरती-ओहोटीच्या वेळा दाखवणारे ॲप आहे. पण दिवसभर वापरून त्याचा जीव गेलेला. बघता बघता पडदा काळा झाला.

ओटीवर बसलेल्या आजोबांनी विचारले, "आज तिथी कोणती?"

मला ठाऊक नव्हते. आई आतून म्हणाली, "द्वादशी."

"मग बाराची पाऊणकी किती?"

मी कला शाखेच्या तिसऱ्या वर्षाला आहे, मानसशास्त्र हा माझा विषय आहे. बारा गुणिले तीन भागिले चार, असे मी मनात मांडू लागले आणि मध्येच माझे लक्ष पुन्हा त्या काळ्या पडद्याकडे गेले. आजोबा चौथी शिकलेले. ते म्हणाले, "नऊ. नवाला भरती. त्यात थोडे मिळव. सव्वानऊला दिवे दिसतील."

सव्वानऊ वाजून गेले आणि खाडीच्या तोंडाशी दिवे दिसले.

बाबा सुखरूप आले, भाकरी खाऊन झोपले. मला मात्र बराच वेळ झोप आली नाही. आजोबांना आले याचे आश्चर्य नव्हते, मला का आले नाही याचे होते. पाऊणकी मी शाळेत नसेन शिकले, परंतु बाराचे तीन चतुर्थांश काढणे हे काही फार मोठे गणित नव्हे. ते मला येत होते. तरी त्या क्षणी आले नाही. मग माझे डोके गेले कुठे? या एका प्रश्नापायी मी ग्रंथालयात बसून जे वाचले, प्राध्यापकांना विचारले आणि घरात पाहिले, ते या लेखात मांडत आहे.

आजोबांचा हिशेब

प्रथम आजोबांच्या हिशेबाविषयी सांगते, कारण शहरातून येणाऱ्या कित्येक मित्रमैत्रिणींना तो ठाऊक नसेल. चंद्र रोज थोडा उशिरा उगवतो आणि त्याच्यामागे भरतीही रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्येला आणि पौर्णिमेला आपल्या या किनाऱ्यावर भरती बाराच्या आसपास असते. तिथून रोज साधारण पाऊण तास मोजत गेले की त्या दिवसाची भरती मिळते. म्हणून तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, एकादशीला सव्वाआठ. दिवसातून दोन भरत्या, म्हणजे तीच वेळ सकाळीही आणि रात्रीही. सहा तास पुढे गेले की ओहोटी. खरा फरक पाऊण तासापेक्षा चार-पाच मिनिटांनी जास्त असल्यामुळे हिशेब थोडा अलीकडे येतो. ते 'थोडे' आजोबा अनुभवाने मिळवतात.

पूर्वी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ करून घेत. व्यापारी पेठेत त्यांचा उपयोग होता तसा समुद्रावरही होता. एकट्या पाऊणकीवर आमच्या मांगेला वस्तीतली माणसे रात्रीअपरात्री खाडीत शिरत आली आहेत.

आता होडीवर जीपीएस आहे, मासळी दाखवणारे यंत्र आहे, वायरलेस आहे. ही यंत्रे वाईट आहेत असे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. वादळाची सूचना वेळेवर मिळाल्याने किती जीव वाचले असतील त्याची मोजदाद नाही. माझी तक्रार यंत्राविरुद्ध नाही. प्रश्न एवढाच की, यंत्राने डोक्यातले एक काम उचलून घेतले, म्हणजे डोक्यात त्या जागी काय उरते?

मुलांची काळजी, मोठ्यांची सूट

मोबाईलचा विषय निघाला की आपण ताबडतोब लहान मुलांविषयी बोलू लागतो. मुले बिघडली, मुले अभ्यास करीत नाहीत, मुलांना चष्मे लागले. हे बोलणारे वडीलधारे बोलता बोलता खिशातून मोबाईल काढून पाहतात. प्रौढ माणसाचा मेंदू पक्का झालेला, त्याला काय होणार, अशी आपली समजूत आहे. वस्तुतः विचार करण्याची कौशल्ये पोहण्यासारखी नसून कोयत्याच्या धारेसारखी आहेत. एकदा आले म्हणजे कायमचे आले असे नाही. वापरले तर धार राहते, ठेवून दिले तर गंज चढतो.

आणि गंज चढायला फार काळ लागला नाही. बोटाने चालवायच्या पडद्याचा आयफोन २००७ साली आला. भारतात स्वस्त इंटरनेटचा पूर आला तो सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झाल्यावर. पाठोपाठ २०२०-२१ च्या करोनाकाळात शाळा, बँक, बाजार सारे काही मोबाईलमध्ये शिरले. म्हणजे ज्या पिढीने अर्धे आयुष्य या यंत्रावाचून काढले, तिने ते हातात घेऊन दहाएक वर्षेच झाली आहेत. तेव्हा फरक पाहायचा असेल तर तो मोठ्या माणसांतच स्पष्ट दिसेल. त्यांना आधीचे आठवते.

आईची पाटी

विचारशक्ती हा शब्द मोठा आहे. मानसशास्त्रात तिचे तुकडे करून पाहतात. त्यातला पहिला तुकडा म्हणजे कार्यस्मृती. हातातले काम संपेपर्यंत जे मनात धरून ठेवावे लागते ते या स्मृतीत असते. ती फार लहान असते. जॉर्ज मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५६ साली तिची मर्यादा सातच्या आसपास सांगितली होती. पुढच्या संशोधकांनी ती आणखी खाली, तीन-चारावर आणली.

माझी आई बोईसरच्या बाजारात मासे विकते. तिच्या पुढ्यात मासळीची पाटी असते आणि डोक्यातही तेवढीच एक लहान पाटी असते असे मला वाटते. गिऱ्हाईक बोंबलाचे तीन वाटे ऐंशीच्या भावाने घेते, कोलंबीचा एक दीडशेला घेते आणि पाचशेची नोट पुढे करते. दोनशे चाळीस, तीनशे नव्वद, परत एकशे दहा. हे आई मासे साफ करता करता करते. पण मधेच मोबाईल वाजला की दोनशे चाळीस पाटीवरून घसरून पडतात आणि हिशेब पुन्हा पहिल्यापासून.

आता वाजणे आणि उचलणे यांत फरक आहे, न उचलला म्हणजे झाले, असे आपण म्हणतो. अमेरिकेतल्या फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात २०१५ साली नेमके हेच तपासले गेले. लक्षपूर्वक करायच्या एका कंटाळवाण्या कामात माणसे गुंतली असताना त्यांच्या मोबाईलवर सूचना पाठवल्या. माणसांनी मोबाईल उचलला नाही, तरी त्यांच्या चुका वाढल्या. कारण उघड आहे. हात कामावर राहिला, मन मात्र 'कोणाचा असेल?' म्हणून उठून गेले.

गेलेले मन परत येते, पण पूर्ण येत नाही. सोफी लरॉय या संशोधिकेने २००९ साली याला अवधानाचा अवशेष अशा अर्थाचे नाव दिले. एक काम अर्धे सोडून दुसऱ्याकडे वळलो की पहिल्याचा थोडा अंश मागे चिकटून राहतो. उखळात मिरची कुटली आणि लगेच वेलची टाकली तर वेलचीला तिखटाचा वास येणारच. ग्लोरिया मार्क या कॅलिफोर्नियातल्या प्राध्यापिकेने कार्यालयीन माणसे संगणकाच्या एका पडद्यावर किती वेळ टिकतात ते वर्षानुवर्षे मोजले. २००४ च्या सुमारास सरासरी अडीच मिनिटे होती, अलीकडच्या वर्षांत ती सुमारे ४७ सेकंदांवर आली. सत्तेचाळीस सेकंदांत वर्तमानपत्रातला एक परिच्छेद होतो, एखाद्या निबंधातला मुद्दा पुरा होत नाही.

मी स्वतःवर हे पाहिले. परीक्षेच्या आधी एक प्रकरण वाचायला घेतले. दहा पाने होती. प्रत्येक पानाला माझा हात उशीजवळ जात होता. दहाव्या पानावर पोचले तेव्हा दुसऱ्या पानावर काय होते ते आठवेना. मला वाचता येत नव्हते असे नव्हे. शब्द कळत होते, वाक्ये कळत होती. त्यांची माळ मात्र होत नव्हती.

उशीजवळचा पाहुणा

टेक्सास विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ साली एक पाऊल पुढे टाकले. त्यांनी विचारले, मोबाईल वाजलाच नाही, बंद ठेवला, पालथा ठेवला, नुसता जवळ असला तर? काही विद्यार्थ्यांना तो मेजावर ठेवायला सांगितले, काहींना खिशात किंवा पिशवीत, तर काहींना दुसऱ्या खोलीत. मग कार्यस्मृतीच्या आणि तर्काच्या चाचण्या घेतल्या. दुसऱ्या खोलीत ठेवणाऱ्यांची कामगिरी सर्वांत चांगली ठरली. आश्चर्य असे की, मेजावर ठेवणाऱ्यांना आपले लक्ष विचलित झाले असे वाटले नव्हते. संशोधकांचे म्हणणे असे की, मोबाईलकडे न पाहण्यासाठीही थोडी मनःशक्ती खर्च होते. दारात पाहुणा उभा असला आणि आपण त्याच्याकडे न पाहता काम करायचे ठरवले, तर तो न पाहण्याचाही एक व्याप असतो.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. हा प्रयोग पुढे इतरांनी करून पाहिला तेव्हा सर्वांना तोच निष्कर्ष मिळाला नाही. काहींना फरक दिसला, काहींना दिसला नाही. तेव्हा 'मोबाईल नुसता जवळ असला की बुद्धी घटते' असे छातीठोकपणे सांगणारा निरोप कोणी पुढे पाठवला तर तो जपून वाचावा. विशेषतः तो मोबाईलवरच आलेला असल्यास.

माझे काका तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका रासायनिक कारखान्यात पाळीने काम करतात. ज्वालाग्राही द्रव्यांमुळे आत मोबाईल नेता येत नाही, फाटकावर जमा करावा लागतो. मी त्यांना विचारले, "काका, आठ तास मोबाईल नसतो तर कसे वाटते?" ते म्हणाले, "पहिला अर्धा तास खिसा चाचपतो. मग विसरतो. मीटरचे आकडे, कोणता व्हॉल्व्ह किती उघडला, सगळे ध्यानात राहते. गंमत अशी की घरी आल्यावर बाजारातून तीन जिनसा आणायला सांगितल्या तर एक विसरतो." काकांचे सांगणे हा काही शास्त्रीय पुरावा नव्हे. कारखान्यात चूक झाली तर जिवाशी गाठ, कोथिंबीर विसरली तर फक्त काकूंशी गाठ. हाही फरक आहेच. पण डोके तेच, माणूस तोच, दिवसही तोच. म्हणजे काकांची स्मरणशक्ती गेलेली नाही. ती कुठे तरी थांबलेली आहे आणि बोलावले की येते. मला या गोष्टीने मोठा धीर आला.

कुठे ठेवले ते आठवते, काय ठेवले ते नाही

दुसरा तुकडा म्हणजे दीर्घ स्मृती. बेट्सी स्पॅरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी लोकांना काही माहिती संगणकावर टंकायला दिली. ती जपून ठेवली जाईल असे ज्यांना सांगितले त्यांना ती कमी आठवली आणि पुसली जाईल असे ज्यांना सांगितले त्यांना अधिक आठवली. माहिती काय होती यापेक्षा ती कोणत्या कप्प्यात ठेवली हेच पुष्कळांच्या चांगले लक्षात राहिले. या निबंधातला एक प्रयोग पुढे पुन्हा करून पाहिला तेव्हा तोच निकाल आला नाही, हेही नोंदले पाहिजे. परंतु ही प्रवृत्ती आपल्या ओळखीची नाही असे कोण म्हणेल? घरातल्या चार माणसांचे नंबर मला पाठ नाहीत. आजोबांना गावातल्या जुन्या सार्वजनिक फोनचा नंबर अजून येतो. तो फोन केव्हाच निघून गेला.

तिसरा तुकडा दिशेचा. लंडनच्या टॅक्सीचालकांना हजारो रस्ते पाठ करून परवाना मिळवावा लागतो. २००० साली एलिनॉर मॅग्वायर यांनी त्यांच्या मेंदूची चित्रे घेतली तेव्हा वाटा लक्षात ठेवणाऱ्या हिप्पोकॅम्पस या भागाचा मागचा अंश इतरांपेक्षा मोठा आढळला. मेंदू प्रौढपणीही कामाप्रमाणे घडतो याचा हा पुरावा मानला जातो. उलट बाजूने, २०२० साली कॅनडात झालेल्या एका अभ्यासात आयुष्यात जीपीएसचा अधिक वापर केलेल्यांची दिशास्मृती दुबळी आढळली. हा अभ्यास लहान होता, तरी आमच्या आजोबांना तो सांगितला तेव्हा ते हसून म्हणाले, "त्याला कॅनडाला कशाला जायला पाहिजे? बाबाला विचार, यंत्र बंद करून सातपाटी दाखव म्हणावे."

बाबा हसले नाहीत. थोड्या वेळाने म्हणाले, "दिवसा दाखवीन. रात्री आता खात्री नाही."

हे वाक्य मी विसरू शकत नाही. बाबांनी वीस वर्षांपूर्वी हाच समुद्र डोंगर, देवळे आणि ताऱ्यांच्या खुणांवर ओळखला होता.

जुनीच भीती की नवीच गोष्ट?

आमचे एक प्राध्यापक म्हणाले, ही भीती फार जुनी आहे. प्लेटोने आपल्या एका संवादात इजिप्तच्या राजाची गोष्ट सांगितली आहे. लेखनकलेचा शोध लावणारा देव राजाला ती भेट देऊ पाहतो, तेव्हा राजा म्हणतो की याने माणसे विसरभोळी होतील, बाहेरच्या खुणांवर विसंबतील. राजा अगदी चुकला असे नाही, कारण पाठांतर खरोखरच कमी झाले. परंतु लेखन नसते तर राजाचा हा आक्षेपही आपल्यापर्यंत पोचला नसता. आपल्याकडचे उदाहरण बहिणाबाई चौधरींचे. त्यांना अक्षरओळख नव्हती. त्यांची कविता जात्यावर आणि शेतात मनात जुळली. ती मुलाने आणि नात्यातल्या माणसाने लिहून ठेवली आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली पुस्तकरूपाने आली. मनाने घडवले, कागदाने जपले. साधनाने मनाला मदत केली तर ती अशी असावी.

मग मोबाईल हाही एक नवा कागदच नव्हे का? काही अंशी आहे. २०२५ साली 'नेचर ह्यूमन बिहेवियर' या नियतकालिकात ५७ अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. त्यात पन्नाशीपुढची चार लाखांहून अधिक माणसे होती. संगणक, मोबाईल, इंटरनेट वापरणाऱ्यांमध्ये बौद्धिक ऱ्हासाचा धोका ५८ टक्क्यांनी कमी आढळला. अर्थात यंत्रामुळे डोके शाबूत राहिले, की डोके शाबूत म्हणून यंत्र वापरता आले, हे अशा अभ्यासातून पुरते ठरत नाही. तरीही 'मोबाईलने मेंदू सडतो' या सरसकट विधानाला तो चांगला लगाम आहे. आमच्या शेजारच्या आजी साठीनंतर मोबाईलवर मजकूर लिहायला शिकल्या, दुबईतल्या नातवाशी रोज बोलतात आणि पूर्वीपेक्षा तल्लख झाल्या आहेत. नवे शिकणे ही मेंदूला मेहनत आहे. बोटाने एकामागून एक चित्रफिती सरकवणे ही मेहनत नव्हे.

कागद आणि मोबाईल यांत मला एक मोठा फरक दिसतो. कागद आपण जवळ जाईपर्यंत थांबून राहतो. मोबाईल थांबत नाही, तो हाक मारतो. त्यातल्या बऱ्याचशा ॲपची कमाई आपण किती वेळ पडद्यासमोर राहतो यावर अवलंबून असते. तेव्हा आपले लक्ष उडणे हा त्या यंत्राचा बिघाड नसून कित्येकदा त्याचा धंदा असतो. पाऊणकी आजोबांचा वेळ वाचवीत होती. माझे भरतीचे ॲपही दहा सेकंद वाचवते, परंतु ते पाहायला गेलेली मी अर्ध्या तासाने बाहेर येते.

सायंकाळी सातचा भोंगा

यावर उपाय काय? आपल्याच महाराष्ट्रातले एक गाव सांगते. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. करोनाकाळात मुलांच्या हाती अभ्यासासाठी मोबाईल आले, शाळा सुरू झाल्यावरही ते हातातून सुटेनात आणि घरातली मोठी माणसेही टीव्ही-मोबाईलसमोरच बसलेली असत. तेव्हा सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराने ग्रामसभेत ठराव झाला आणि ऑगस्ट २०२२ पासून तो अमलात आला. रोज सायंकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो. टीव्ही, मोबाईल बंद. साडेआठला दुसरा भोंगा होईपर्यंत मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचे किंवा एकमेकांशी बोलायचे.

या गावाचे मला विशेष वाटते ते दोन कारणांनी. एक, नियम फक्त मुलांना नाही. दुसरे, नियम सर्वांना एकाच वेळी आहे. एकट्याने मोबाईल बंद ठेवला की आपण काही तरी चुकवतो आहोत अशी रुखरुख लागते. सगळ्यांचाच बंद असला की चुकवण्यासारखे काही उरत नाही.

असा विसावा घेतल्याने प्रौढांच्या विचारशक्तीत फरक पडतो का, याचेही एक उत्तर मिळाले आहे. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अमेरिका आणि कॅनडातल्या ४६७ प्रौढांना दोन आठवडे मोबाईलवरचे इंटरनेट बंद ठेवायला सांगितले. फोन आणि साधे संदेश चालू, घरच्या संगणकावर इंटरनेटही चालू. सर्वांना नियम पूर्ण पाळता आला नाही, तरी लक्ष टिकवण्याच्या चाचणीत सरासरी सुधारणा झाली. संशोधकांच्या हिशेबाने ती वय दहा वर्षांनी कमी झाल्याइतकी होती. मनही अधिक स्वस्थ झाले. कारण त्यांनी शोधले ते साधे आहे: लोक माणसांना अधिक भेटले, फिरायला गेले, उन्हा-वाऱ्यात राहिले आणि थोडे अधिक झोपले.

याचा अर्थ मी असा लावते की, पाण्याखाली गेलेली वाळू ओहोटीला पुन्हा दिसते. प्रौढ मेंदूची शक्ती हरवत नाही, बहुधा झाकली जाते. मात्र जे पुष्कळ काळ वापरले नाही ते आपोआप उगवणारही नाही. दिशा, पाढे, लांब वाचन ही पुन्हा करूनच येतात.

आमच्या घरचा भोंगा

आमच्या घरी भोंगा नाही. दिवेलागणीला सारे मोबाईल फडताळात ठेवायचे आणि साडेआठपर्यंत काढायचे नाहीत, असे मी ठरवले. पहिल्याच दिवशी अडचण आली. बाबा समुद्रावर असताना आई मोबाईल ठेवायला तयार होईना. ती म्हणाली, "तुझ्या पुस्तकातल्या बायकांचे नवरे समुद्रावर नसतात." तिचे बरोबर होते. मग नियम बदलला. एक मोबाईल बाहेर, त्यावर इंटरनेट बंद, फक्त फोन येईल. बाकीचे फडताळात. किनाऱ्यावरच्या घराला हा नियम शोभतो असे मला वाटते, कारण यंत्र आम्हांला हवे आहे ते निरोपासाठी.

त्या दीड तासात सुरुवातीला फार कंटाळा आला. मी तीन वेळा फडताळापर्यंत जाऊन परत आले. चौथ्या-पाचव्या दिवशी आजोबांना म्हटले, "पाऊणकी शिकवा." ते म्हणू लागले आणि मी पाठीमागून म्हणू लागले. एक पाऊण, दोन दीड, तीन सव्वादोन, चार तीन. आईही आतून सूर मिळवू लागली. तिला ती लहानपणी ऐकून येत होती आणि आम्हांला हे माहीतच नव्हते. बाबा घरी असतात तेव्हा ते गप्प ऐकतात. एकदा मात्र ते होडीवरून आले आणि म्हणाले, "आज येताना यंत्रावर कापड टाकले होते. खुणा लागल्या." यंत्र बंद केले नव्हते, कापड टाकले होते. हवे तेव्हा काढता यावे म्हणून. मला वाटते, एवढेच पुरे आहे.

आपल्या महाविद्यालयात आपण काय करू शकतो? वर्गात मोबाईल आणू नये अशी पाटी लावून काही होत नाही, हे आपण पाहिले आहे. पण ग्रंथालयात एक तास असा ठेवता येईल की ज्यात विद्यार्थी आणि प्राध्यापक दोघेही आपले मोबाईल दाराशी ठेवून एकाच मेजाशी वाचायला बसतील. नियम दोघांना सारखा असावा एवढीच विनंती. नाही तर आम्ही प्राध्यापकांकडे आणि प्राध्यापक आमच्याकडे बोट दाखवीत राहतील आणि ते बोटही बहुधा पडद्यावरूनच उचललेले असेल.

माझे डोके गेले कुठे, असे मी सुरुवातीला विचारले होते. ते कुठे गेले नव्हते. मी त्याला काम देणे सोडले होते. हे लिहीत असताना आजोबांनी ओटीवरून हाक मारून विचारले आहे, आज भरती किती वाजता. आज दशमी. मोबाईल फडताळात आहे. दहाची पाऊणकी साडेसात, आणि थोडे वर.